निझव्याच्या अंगणातली अंबाडी

उदगीर सोडलं त्या सकाळी जीप दारात यायच्या आधीच अण्णा चपला घालून ओट्यावर बसले होते. मस्कतचं विमान हैदराबादहून संध्याकाळी होतं, रस्ता फार तर पाच तासांचा, पण बिदरच्या पुढे काहीही होऊ शकतं असं त्यांचं म्हणणं होतं. काय होऊ शकतं ते त्यांनी सांगितलं नाही. माझा नवरा प्रमोद दोन महिने आधीच ओमानमध्ये रुजू झाला होता, त्यामुळे जायचं होतं ते मला आणि सहा वर्षांच्या ईशाला. ईशा गल्लीतल्या घराघरांत जाऊन आपण विमानात बसणार असल्याचं सांगून आली होती. आई मात्र स्वयंपाकघरातून बाहेर येईना. शेवटी मीच आत गेले. वजन जास्त होतं म्हणून बॅगेतून काढून ठेवलेली शेंगदाण्याची चटणी ती लहान लहान पिशव्यांत भरत होती, म्हणजे माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये मावली असती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तिथं काय मिळतंय, काय नाही, कुणाला ठाऊक." तेवढंच बोलली.

अण्णा हैदराबादपर्यंत आले. विमानतळाच्या दारावरच्या शिपायाने तिकीट नाही म्हणून त्यांना बाहेरच थांबवलं. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस. निरोपाचं असं काही त्यांना येत नव्हतं. ईशाच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाले, "कुठंबी ऱ्हा, आधी तिथलं पाणी कसंय ते बघ." मी हो म्हणाले. आत गेल्यावर काचेतून पाहिलं तर ते आमच्याकडे नाही, भलत्याच एका कुटुंबाकडे बघून हात हलवत होते. काचेतून त्यांना दिसत नसावं.

हे मी लिहितेय ते दोन्हीकडच्या माणसांसाठी. उदगीरला आहेत त्यांना वाटतं, आम्ही इकडे मॉलमध्ये फिरतो आणि खजूर खातो. माझ्यासारख्या इकडे आल्या आहेत त्यांना बाकीचं सगळं ठाऊकच आहे. पण ओमानमधल्या निझव्याच्या आमच्या घरात अंबाडीमुळे जे घडलं ते पुरतं कुणालाच माहीत नाही, कारण तेव्हा आम्ही ते कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिली काही वर्षं आम्ही मस्कतमध्ये होतो. प्रमोदची कंपनी गाला नावाच्या औद्योगिक भागात, मोठमोठे कॉम्प्रेसर दुरुस्त करणारी. फ्लॅट तिथून जवळच, तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या उघडत होत्या, पण उघडाव्याशा वाटतील असे महिने थोडे. एसीचा आवाज इतका अंगवळणी पडला की लाइट गेले तर कानांत काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं. शुक्रवारी मत्रहला समुद्राकाठी चक्कर, सौकमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, लोबानचा वास घेत परत. सुपरमार्केटमध्ये जगभरची भाजी होती. कुठल्या कुठल्या देशांतून आलेल्या शेंगा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एकसारखी वांगी. अंबाडी नव्हती. गंमत म्हणजे उदगीरला असताना मला अंबाडीचं काही विशेष नव्हतं. आठवड्यातून दोनदा ताटात यायची, कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवलेली, वर लसणाची खमंग फोडणी. मी नाक मुरडतच खायची. इथे आल्यावर मात्र जेवताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं, आणि ते काय, हे कळायला मला बराच काळ लागला. ते आंबट होतं. लिंबाचं नाही, चिंचेचं नाही, त्या पानाचं आंबट.

मग कंपनीने प्रमोदला निझव्याच्या शाखेत पाठवलं. डोंगरांच्या मधोमध वसलेलं गाव, किल्ला, खजुरीच्या बागा, शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार. तिथे आम्हाला जमिनीवरचं घर मिळालं, मागे भिंतीने बंदिस्त केलेलं अंगण, त्यात एक लिंबाचं जुनं झाड. घरमालक सालेम शाळेतले निवृत्त शिक्षक, शेजारीच राहायचे. त्यांची आई ऐंशीच्या पुढची. तिला सगळे 'मामा' म्हणत, इकडे आईला तसंच म्हणतात. ईशाला पहिल्यांदा ते ऐकून इतकं हसू आलं की तिला आत न्यावं लागलं. नंतर आम्हीही तिला मामाच म्हणू लागलो. गल्लीच्या टोकाशी फलज वाहायचा, डोंगरातलं पाणी बागांपर्यंत आणणारा दगडी पाट. कुणाच्या बागेत पाणी किती वेळ सोडायचं हे तिथे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा अण्णांनी पाण्याच्या पाळ्या कशा लावतात ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "मंग बरं गाव हाय." माझ्या स्थलांतराला त्यांनी दिलेली ती मंजुरी होती असं मी धरून चालते.

निझव्यात मराठी बोलणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली रझियाभाभी माझी सगळ्यात जवळची. ती श्रीवर्धनकडची. तिच्या सासऱ्यांनी सौकमध्ये कापडाचं दुकान टाकलं, ते आता नवरा चालवतो. तीस वर्षं तिथे राहून तिचं अरबी तिथल्या बायकांसारखं झालं होतं, आणि मराठी मात्र तशीच, श्रीवर्धनची. माझ्या मराठीला ती 'घाटावरची' म्हणून हसायची आणि मी तिच्या 'गो'ला.

एका सुट्टीत आईने मसाल्याच्या पुड्यांबरोबर अंबाडीचं मूठभर बी दिलं. मी आल्या आल्या, मे महिन्यात त्यातलं थोडं पेरलं. उगवलं आणि आठवड्यात करपून गेलं. उरलेलं बी पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या तोंडावर, लिंबाच्या सावलीत, शेणखत मिसळून लावलं. शेणखत सालेमच्या भावाच्या गोठ्यातून आलं. या वेळी रोपं तग धरून राहिली. ओमानमध्ये तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नसत, म्हणून आईचा नि माझा सगळा कारभार आवाजी मेसेजवर चालायचा. माझा भाऊ तिच्यासमोर फोन धरायचा आणि ती जणू मी पलीकडच्या शेतात उभी आहे अशा आवाजात बोलायची. रोपं वीतभर झाल्याचं कळवलं तेव्हा तिचा मेसेज आला, "आता शेंडा खुड. भिऊ नगं. नुसतं वर जाऊ दिलं तर काठी होतीय, पानं मिळत न्हाईत."

मी भीत भीतच खुडला. पान आणि खोड जिथे मिळतं त्याच्या जरा वर, अंगठ्याच्या नखाने. काही दिवसांत त्याच जागेच्या दोन्ही बाजूंनी नवे फुटवे आले. ते बोटभर झाले की त्यांचेही शेंडे खुडायचे. खालची पिवळी, जून पानं काढून टाकायची. मध्ये गर्दी झाली की तिथलीही थोडी काढायची, म्हणजे आतपर्यंत हवा लागते आणि माव्याची कीड पडत नाही. एकच झाड ओरबाडायचं नाही, सगळ्यांकडून थोडं थोडं घ्यायचं. ऊन चढायच्या आधी हे काम करायचं. सकाळी प्रमोद साइटवर आणि ईशा शाळेत गेली की मी अंगणात जायची. मस्कतमध्ये ज्या वेळेला मी सोफ्यावर बसून टीव्हीचे चॅनेल बदलायची, त्या वेळेला आता माझी नखं हिरवी व्हायला लागली. पहिल्यांदा भाजी झाली तेव्हा मी पहिला घास घेऊन थांबले. प्रमोदने विचारलं, मीठ कमी आहे का. मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

झाडं इतकी पसरली की भाजी शेजारीपाजारी जाऊ लागली. रझियाभाभीने सुकट घालून केली आणि मला चाखायला पाठवली. मामाने तिच्या पद्धतीने भातावर घातली, वर सुक्या माशाचा चुरा. 'झेन, झेन', छान, छान म्हणत बोटं चाटली. फक्त ईशाला ती आवडत नव्हती. ती तेव्हा तेरा वर्षांची, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत आठवीत, मैत्रिणींशी सगळं बोलणं इंग्रजीत. घरी मराठी बोलताना वाक्याच्या मध्ये थांबून शब्द शोधायची, नाही सापडला की खांदे उडवायची. डब्यात अंबाडी दिली तर तशीच परत यायची. मैत्रिणी विचारतात हे काय आहे, आणि मला सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. मला राग यायचा, पण तिचंही खोटं नव्हतं. अंबाडीला इंग्रजीत काय म्हणतात हे मलाही ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरातली गोष्ट. प्रमोद कामासाठी लांबच्या साइटवर गेला होता. सकाळचे दहा वाजले असतील. बेल वाजली, दार उघडलं तर दोन पोलीस आणि त्यांच्याबरोबर एक महिला पोलीस. तिघंही अतिशय सभ्यपणे बोलत होते, त्यामुळे मला आधी वाटलं, चुकून आले असतील. त्यातल्या तरुण अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं, तुमच्या घरामागे झाडं लावली आहेत का? मी हो म्हणाले. बघायची आहेत, म्हणाला.

अंगणात आल्यावर तो थेट अंबाडीपाशी गेला आणि एक पान हातात धरलं. तेव्हा पहिल्यांदा मी ते पान त्याच्या नजरेने पाहिलं. बोटांसारखे पाच निमुळते भाग, कडांना करवतीसारखे दाते. सिनेमात, बातम्यांत, पोरांच्या टीशर्टांवर मी ते पान शेकडो वेळा पाहिलेलं होतं. हे काय आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, भाजी. कुठली भाजी? अंबाडी. तो शब्द त्या अंगणात काहीच कामाचा नव्हता. त्याने पान चुरगळून वास घेतला, पुन्हा घेतला. मग कापलेल्या शेंड्यांकडे बोट दाखवून विचारलं की ही सगळी झाडं अशी नीट छाटलेली का आहेत. घरात गांजा लावणारे लोक असंच शेंडे खुडून, पानं काढून झाड पसरवतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी उत्तर दिलं, जास्त पानं मिळावीत म्हणून. याहून वाईट उत्तर देता आलं नसतं.

महिला पोलिसाने मला फोन करू दिला. मी रझियाभाभीला बोलावलं. ती घरच्या कपड्यांवरच ओढणी सावरत आली, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "घाबरू नको गो. मी बोलतंय त्यांच्याशी." ती बराच वेळ बोलली. मी मध्येच एक पान तोडून खाल्लं, त्यांच्यासमोर, कच्चंच. अधिकारी शांतपणे म्हणाला की लोक बरंच काही खातात, त्याने काही सिद्ध होत नाही. त्याचंही बरोबर होतं.

तेवढ्यात मागच्या दाराने मामा आली. सालेम तिच्या पाठोपाठ, तिला थांबवायचा प्रयत्न करत. काठी टेकत ती झाडांपर्यंत गेली आणि अधिकाऱ्याला काहीतरी म्हणाली. तो एकदम अदबीने सरळ उभा राहिला. मी रझियाभाभीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म्हणते, ह्या बाईच्या हातची ही पाती मी भातावर घालून खाल्ली. हिला न्यायचं असेल तर आधी मला न्या."

अधिकाऱ्याने मान लववली, मामाच्या तब्येतीची चौकशीही केली, पण काम तो करणारच होता. त्याने काही फांद्या कापून पिशवीत बंद केल्या. तपासणीचा निकाल येईपर्यंत या झाडांना कुणी हात लावायचा नाही, एक पानही तोडायचं नाही, उपटायचं तर अजिबात नाही. प्रमोदने परतल्यावर येऊन भेटायचं. तक्रार कुठून आली, असं रझियाभाभीने विचारलं. कुणीतरी इंटरनेटवर फोटो पाहिला, इतकंच तो म्हणाला.

प्रमोद संध्याकाळी आला तो सरळ पोलीस ठाण्यावर जाऊन. घरात आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "आपण इथे भाजी पिकवायला आलोय का, वर्षा?" एवढंच म्हणाला. निकाल उलटा आला तर नोकरी, व्हिसा, ईशाची शाळा, सगळंच जाणार होतं, आणि त्याही आधी तुरुंग. इकडचा कायदा या बाबतीत किती कडक आहे हे सांगायला नको. निकाल उलटा येणार नाही हे मला ठाऊक होतं. पण परदेशात राहणाऱ्या माणसाला आपलं खरं असणं पुरेसं वाटत नाही.

ईशा तोवर तिच्या खोलीच्या दारात उभी होती. हातातला फोन तिने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आई, ते माझ्यामुळे झालंय." मी अंगणात शेंडे खुडत असतानाचा पाठमोरा फोटो तिने इन्स्टाग्रामवर टाकला होता आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, आमच्या आईची गांजाची शेती. सगळे हसले होते. तिने तो कधीच काढून टाकला होता, पण तोवर तो कुणाच्या तरी पालकांपर्यंत पोचला होता. "मला वाटलं, फनी आहे. मला ते... डब्यातलं सगळ्यांना एक्स्प्लेन करायला लाज वाटायची, म्हणून मी जोक केला." मग तिला रडू आलं. पुढचं बोलायला तिला मराठी सापडेना आणि इंग्रजीही सापडेना.

मला तिच्यावर संतापायचं होतं. पण माझ्या मनात भलतंच आलं. इतके दिवस मी तिच्या डब्यात एक गोष्ट भरत होते, जिचं नाव मी तिला दिलंच नव्हतं. प्रमोद उठला, तिच्याजवळ गेला आणि तिला म्हणाला, आता रडून काय, शोधून काढ हे झाड आहे तरी काय.

तिने शोधलं. तासाभराने लॅपटॉप घेऊन आली आणि आमच्याकडे बघतच राहिली. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. गांजासारख्या पानांची जास्वंद. म्हणजे ज्याने नाव ठेवलं तोही फसला होता. प्रमोदने कपाळावर हात मारला आणि म्हणाला, हे कागदावर छापून पोलिसांकडे घेऊन जाऊया, लगेच आत टाकतील. त्या दिवसातलं पहिलं हसू आम्हाला तिथे आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. हसता हसता ईशाने पुढचा फोटो उघडला. मोठं, फिकट पिवळं फूल, आत गर्द लाल ठिपका. ते भेंडीच्या कुळातलं आहे, तिने वाचून दाखवलं. मग विचारलं, "आपल्याकडे कधी असं फूल का नाही आलं?"

मी सांगितलं, कारण मी येऊच दिलं नाही. शेंडा खुडला की फूल लांबतं.

"पण आता तर तू कट करूच शकत नाहीस," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस बरे नव्हते. झाडांना हात न लावता बघत राहणं मला जमेना. खुडायची सवय झालेली बोटं आपोआप पुढे जायची. छाटणी थांबली तशी अंबाडी भराभर वर गेली, भिंतीच्याही वर, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसू लागली. माझ्याकडे गणिताच्या शिकवणीला येणाऱ्या दोन मुली यायच्या बंद झाल्या. एका भारतीय कुटुंबाकडे वाढदिवसाचं बोलावणं होतं, तिथून कार्यक्रम छोटा केल्याचा निरोप आला. मामा मात्र रोज सकाळी नातवाला खुर्ची आणायला लावून आमच्या फाटकाशी बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. आधी ती तिथे कधी बसत नव्हती. आईला मी यातलं काही कळवलं नव्हतं. ती विचारायची, खुडायलीस का नीट. एकदा मी म्हटलं, सध्या नाही खुडत, फुलू द्यायचं म्हणते. तिचा मेसेज आला, "दे की फुलू. बियाला ठिवावंच लागतंय."

ईशा शाळेची बस यायच्या आधी अंगणात चक्कर मारायची. एका सकाळी ती आत आली आणि माझा हात धरून मला बाहेर घेऊन गेली. भिंतीच्या वरच्या अंगाला, सगळ्यात उंच झाडावर एक फूल उमललं होतं. तळहाताएवढं, सायीच्या रंगाचं, मध्ये गर्द लाल. शेजारी कळ्यांची रांग. त्या दिवशी ईशा शाळेत गेली नाही. प्रमोदने ठाण्यावर फोन केला. फुलं दुपारपर्यंत मिटतात हे ईशाने वाचलेलं होतं, म्हणून रझियाभाभीने वेगळा फोन करून लवकर या म्हणून सांगितलं. तो तरुण अधिकारी आला, टाचा उंचावून त्याने फूल जवळ ओढलं आणि त्याच्या तोंडून आपोआप शब्द निघाला, "बामिया." भेंडी. त्याच्या आईच्या बागेत भेंडीला अगदी असंच फूल येतं, तो म्हणाला. निकाल मात्र यावाच लागेल. तो त्याच आठवड्यात आला आणि तो काय असणार हे आम्हाला ठाऊकच होतं. निकालाचं सांगायला तो स्वतः आला. प्रमोदशी हात मिळवला, मला म्हणाला की त्रास झाला याबद्दल वाईट वाटतं, पण ती पानं पाहून मी आलो नसतो तर मी माझं काम केलं नसतं. मग जाताना पुढे म्हणाला, "सिस्टर, आता बिनधास्त कापा. खलास."

मी लगेच कापली नाही. त्या वर्षी अंबाडी पुरती फुलू दिली. सकाळी उठलं की भिंतीवर पिवळी फुलं आणि दुपारी मिटलेली, रोज नवी. ईशाने शाळेतल्या विज्ञानाच्या प्रकल्पासाठी अंबाडी घेतली आणि वर्गात उभं राहून नाव सांगितलं, आधी मराठी, मग ते लांबलचक दुसरं. तो फोटो कुणी पाठवला हे तिला पुढे कळलं. तिने आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. अंबाडी तिला अजूनही फारशी आवडत नाही. खुब्जमध्ये, म्हणजे इथल्या रोटीत गुंडाळून, वर मिरचीचा सॉस घालून खाते. आईला मी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, पोटात गेल्याशी मतलब.

पण एक गोष्ट बदलली. पुढच्या सप्टेंबरला रोपं आली तेव्हा शेंडे ईशाने खुडले, आणि प्रत्येक अडचण ती थेट आजीला विचारू लागली. "आजी, ते लीफचं खाली जे येलो झालंय, ते काढू का?" आजीचं उत्तर मोठ्या आवाजात यायचं, तिला पुरतं कळायचं नाही, मग ती पुन्हा विचारायची. मी मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं. 'खोड', 'फुटवा', 'मावा', 'निबर' हे शब्द तिने असे शिकून घेतले. तिच्या मराठीला आता थोडं उदगीर लागलंय, थोडं रझियाभाभीचं श्रीवर्धन, आणि बाकीचं सगळं तिचं स्वतःचं.

अण्णांना विमान नको होतं, पण आई एका हिवाळ्यात निझव्याला आली. महिनाभर राहिली. दुपारी ती आणि मामा अंगणात चटईवर बसून भाजी निवडायच्या, आई उदगिरीत बोलायची आणि मामा अरबीत, आणि दोघी एकमेकींना उत्तरं द्यायच्या. कशाबद्दल बोलत होत्या हे मला आजही माहीत नाही. एकदा मी विचारलं तर आई म्हणाली, "सुनांबद्दल."

महिना संपला आणि आई परत गेली. त्याआधीची सगळी वर्षं तिचा प्रत्येक मेसेज एकाच प्रश्नाने संपायचा. घरी कधी येणार? घर म्हणजे उदगीर, त्यात शंका नव्हती. इथे भाड्याच्या जागेत माझे दिवस चाललेत आणि माझं खरं आयुष्य तिकडे कुलूप लावून ठेवलेलं आहे, असं काहीतरी दर वेळी वाटायचं.

गेल्या सुट्टीत आम्ही तीन आठवडे उदगीरला राहून आलो. येताना मस्कतला उतरलो, गाडी काढली, निझव्याच्या रस्त्याला लागलो. घाट ओलांडून डोंगर दिसायला लागले तेव्हा ईशा मागच्या सीटवर झोपली होती. फाटक उघडून बॅगा आत घेतोय तोवर फोनवर आवाजी मेसेज आला. भावाने फोन धरला असणार, आईचा आवाज नेहमीसारखा मोठा, आणि मागे अण्णांचं खोकणं.

"पोचलाव का घरी?"

मी मेसेज पुन्हा ऐकला. प्रमोद बॅगा ठेवून लाइट लावत होता, भिंतीपलीकडून मामा सालेमला काहीतरी विचारत होती, आमच्याबद्दलच असावं. मी बटण दाबून धरलं आणि सांगितलं, हो आई, आत्ताच पोचलो. घरी आलो.